फ्लेचर हेंडरसन

फ्लेचर हेंडरसन (पूर्ण नाव: जेम्स फ्लेचर हॅमिल्टन हेंडरसन, धाकटे, जन्म: १८ डिसेंबर १८९७, कथबर्ट, जॉर्जिया, मृत्यू: २९ डिसेंबर १९५२, न्यू यॉर्क) हे आफ्रिकी-अमेरिकी पियानोवादक, वाद्यवृंदप्रमुख आणि संगीत संयोजक होते. १९२० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये त्यांनी चालवलेल्या वाद्यवृंदात मोठ्या जॅझ वाद्यवृंदाची, म्हणजेच ‘बिग बँड’ची, घडण आकाराला आली. १९३५ नंतर अमेरिकेत स्विंग संगीताची जी लाट उसळली, तिच्या मुळाशी हेंडरसन यांनी लिहिलेली संयोजने होती. ती लाट मात्र बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवादकाच्या वाद्यवृंदामुळे उसळली आणि ‘स्विंगचा राजा’ ही उपाधीही गुडमन यांनाच मिळाली. हेंडरसन यांचा स्वतःचा वाद्यवृंद त्याआधी वर्षभराच्या आतच मोडला होता.

बालपण आणि शिक्षण

हेंडरसन यांचा जन्म कथबर्ट या जॉर्जिया राज्यातील लहानशा गावी एका सुशिक्षित कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील फ्लेचर हेंडरसन, थोरले, हे गावातील हॉवर्ड नॉर्मल स्कूल या कृष्णवर्णीयांसाठीच्या शाळेचे अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. आई पियानो शिकवीत असे. घरात पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि चर्चमधील संगीत यांनाच स्थान होते. ब्लूज किंवा रॅगटाइम यांना दारातही उभे केले जात नसे. लहानग्या फ्लेचरने रियाज चुकवू नये म्हणून त्याला पियानोच्या खोलीत कोंडून ठेवले जाई, अशी आठवण त्यांचे चरित्रकार नोंदवतात. धाकटा भाऊ होरेस हाही पुढे पियानोवादक व संयोजक झाला आणि हेंडरसन यांच्या वाद्यवृंदासाठी त्याने काही उत्तम संयोजने लिहिली.

या घरातील मुलाने संगीतावर पोट भरावे, अशी कोणाचीच कल्पना नव्हती. हेंडरसन यांनी अटलांटा विद्यापीठातून १९२० मध्ये रसायनशास्त्रातील पदवी घेतली आणि त्याच विषयातील पुढील शिक्षणासाठी ते न्यू यॉर्कला गेले. कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाला त्या शहरात नोकरीची आशा फारशी नव्हती. निर्वाहासाठी त्यांनी हॅरी पेस व डब्ल्यू. सी. हँडी यांच्या संगीत प्रकाशन संस्थेत नोकरी धरली. नव्या गाण्यांची छापील स्वरलिपी विकण्यासाठी ती गाणी पियानोवर वाजवून दाखवणे, हे त्यांचे काम होते. प्रयोगशाळेत जाण्याचा विचार मग मागे पडला तो कायमचा.

१९२१ मध्ये पेस यांनी ‘ब्लॅक स्वान’ ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली आणि हेंडरसन तिचे संगीतप्रमुख झाले. कंपनीची यशस्वी गायिका एथेल वॉटर्स हिच्याबरोबर १९२१-२२ मध्ये ते दौऱ्यावर गेले. हेंडरसन यांच्या पियानोत ब्लूजचा ठसका नाही, अशी वॉटर्स यांची तक्रार होती. जेम्स पी. जॉन्सन या हार्लेममधील पियानोवादकाच्या वादनाच्या कागदी गुंडाळ्या यांत्रिक पियानोवर लावून त्या ऐकायला व तसे वाजवायला त्यांनी हेंडरसन यांना भाग पाडले. जॅझचा एक मोठा शिल्पकार आपल्याच समाजाचे संगीत असा वयाच्या चोविसाव्या वर्षी, बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यासारखा शिकला, ही गोष्ट त्यांच्या पुढील कामाकडे पाहताना विसरता येत नाही. याच दौऱ्यात न्यू ऑर्लिन्स येथे त्यांनी लुई आर्मस्ट्राँग या तरुण ट्रम्पेटवादकाला ऐकले व आपल्याबरोबर येण्याविषयी विचारले. तेव्हा तो आला नाही.

रोझलँडची वर्षे

१९२३ च्या सुमारास ध्वनिमुद्रणासाठी एकत्र येणाऱ्या वादकांमधून हेंडरसन यांचा कायमचा वाद्यवृंद तयार झाला. आधी क्लब अलाबाम येथे आणि जुलै १९२४ पासून ब्रॉडवेवरील रोझलँड बॉलरूम या प्रशस्त नृत्यगृहात त्यांची नेमणूक झाली. रोझलँडशी त्यांचा संबंध अधूनमधून खंड पडत सुमारे दहा वर्षे टिकला. हे नृत्यगृह गोऱ्यांसाठी राखीव होते. मंचावर कृष्णवर्णीय वादक आणि खाली फक्त गोरे नर्तक, अशी ती व्यवस्था होती. तेथे वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट असे सर्व प्रकार वाजवावे लागत आणि त्यासाठी स्वरलिपी बिनचूक वाचणारे वादक लागत. हेंडरसन यांचे वादक त्यात तरबेज होते.

या वाद्यवृंदाचे पहिले संयोजक डॉन रेडमन हे सॅक्सोफोनवादक होते. संयोजक, म्हणजे चित्रपटसंगीतात ज्याला ‘अरेंजर’ म्हणतात तो, नवी चाल बांधत नाही. तयार चाल कोणत्या वाद्याने केव्हा वाजवायची, तिच्या मागे इतरांनी काय वाजवायचे, कोणी कोठे थांबायचे आणि एकल वादनाला जागा कोठे ठेवायची, हे तो लिहून देतो. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझमध्ये पाच-सात वादक एकाच वेळी आपापली स्वररेषा उत्स्फूर्तपणे विणत. दहा-बारा वादकांनी तसे केले तर गोंगाट होईल. रेडमन यांनी वाद्यवृंदाचे विभाग पाडले. एकीकडे ट्रम्पेट व ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये, दुसरीकडे क्लॅरिनेट व सॅक्सोफोन आणि खाली पियानो, बँजो, ट्यूबा व ड्रम यांचा ताल विभाग, अशी ही मांडणी होती. दोन विभागांना त्यांनी आपसांत बोलते केले. ही सवालजवाबाची रीत आफ्रिकी-अमेरिकी चर्चमध्ये आणि कामकऱ्यांच्या गीतांमध्ये पूर्वीपासून होतीच. ती कागदावर, दहा वाद्यांसाठी उतरवण्याचे श्रेय रेडमन यांना जाते. १९२० च्या दशकातील ही संयोजने हेंडरसन यांचीच असल्याचा समज दीर्घकाळ प्रचलित होता. वाद्यवृंद हेंडरसन यांचा असला, तरी त्या काळातील लेखणी प्रामुख्याने रेडमन यांची होती.

१९२४ च्या शरद ऋतूत आर्मस्ट्राँग शिकागोहून येऊन या वाद्यवृंदात दाखल झाले आणि सुमारे तेरा महिने राहिले. त्यांच्या येण्यापूर्वीची व नंतरची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली, तर काय घडले हे सामान्य श्रोत्यालाही कळते. आधीचे वादन नीटनेटके पण ताठ आहे. मात्रेवर स्वर ठोकल्यासारखा येतो. आर्मस्ट्राँग स्वर मात्रेच्या किंचित मागेपुढे सोडत, वाक्य लांबवत आणि अचूक जागी परत येत. शेजारी बसलेले कोलमन हॉकिन्स हे ऐकत होते. तेव्हा टेनर सॅक्सोफोन हे जॅझमध्ये गमतीचे वाद्य समजले जाई. या वाद्यवृंदात दहा वर्षे घालवून हॉकिन्स यांनी त्याला प्रमुख एकल वाद्याचा दर्जा मिळवून दिला. रेडमन यांचे लेखनही बदलले. १९२५ मधील ‘शुगर फूट स्टॉम्प’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. किंग ऑलिव्हर यांच्या रचनेवर आधारलेल्या या तुकड्यात आर्मस्ट्राँग आपल्या जुन्या गुरूचे एकल वादन नव्या डौलाने वाजवतात. हेंडरसन आपल्याला गाऊ देत नसत, ही आर्मस्ट्राँग यांची तक्रार मात्र पुढेही कायम राहिली. ज्या आवाजाने नंतर जग जिंकले, तो या काळातील मुद्रणांत एका गाण्याच्या शेवटी जेमतेम काही क्षण ऐकू येतो.

वादकांची पारख हा हेंडरसन यांचा मोठा गुण होता. टॉमी लॅडनियर, जो स्मिथ, रेक्स स्टुअर्ट, जिमी हॅरिसन, बस्टर बेली, बेनी कार्टर, जॉन कर्बी, रेड ॲलन, बेन वेब्स्टर, रॉय एल्ड्रिज, चू बेरी, सिड कॅटलेट या सर्वांनी त्यांच्याकडे काही काळ वादन केले. हीच माणसे गोळा ठेवणे व त्यांना शिस्तीत बसवणे मात्र त्यांना साधले नाही. स्वभावाने ते अतिशय सौम्य होते. वादक उशिरा येत, कोणी दांडी मारी, आणि हेंडरसन बोलत नसत. ऐन बहरातील वाद्यवृंद ध्वनिमुद्रणाच्या दिवशी विस्कळीत वाजे, असे त्यांचे वादकच सांगत.

उतार

१९२७ मध्ये रेडमन वाद्यवृंद सोडून गेले. ऑगस्ट १९२८ मध्ये केंटकी राज्यात हेंडरसन यांच्या मोटारीला अपघात होऊन त्यांच्या डोक्याला व खांद्याला दुखापत झाली. या अपघातानंतर ते पूर्वीचे राहिले नाहीत, कामकाजाकडे त्यांचे लक्ष उरले नाही, असे त्यांच्या पत्नी लिओरा, ज्या स्वतः ट्रम्पेटवादक होत्या, यांनी नंतर सांगितले. १९२९ मध्ये ‘ग्रेट डे’ या ब्रॉडवेवरील संगीत नाटकासाठी त्यांचा वाद्यवृंद घेण्यात आला, पण फिलाडेल्फियातील पूर्वप्रयोगांच्या वेळी कृष्णवर्णीय वादकांना काढून त्यांच्या जागी गोरे वादक बसवण्यात आले. आपल्या माणसांसाठी हेंडरसन भांडले नाहीत, असा राग धरून अनेक वादक निघून गेले आणि वाद्यवृंद काही काळ फुटला.

सगळा दोष वर्णभेदावर टाकणे किंवा सगळा दोष हेंडरसन यांच्या भिडस्तपणावर टाकणे, या दोन्ही भूमिका त्यांच्याविषयीच्या लेखनात आढळतात आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. ड्यूक एलिंग्टन यांनी त्याच शहरात, त्याच भेदभावात आपला वाद्यवृंद आयुष्यभर टिकवला. परंतु एलिंग्टन यांच्यापाशी कणखर व्यवस्थापक होता आणि कॉटन क्लबमधून नियमित होणारे रेडिओ प्रसारण होते. हेंडरसन यांच्याजवळ अशी भक्कम व्यवस्था नव्हती. त्यातच जागतिक मंदी आली आणि दौऱ्यांवर पैसे मिळेनासे झाले.

विलक्षण गोष्ट अशी की, याच पडत्या काळात हेंडरसन स्वतः संयोजक म्हणून घडले. रेडमन व त्यांच्यानंतर बेनी कार्टर गेल्यावर लिहिणारे कोणी उरले नाही, म्हणून त्यांनी लेखणी हाती घेतली. १९३४ मधील ‘डाउन साउथ कॅम्प मीटिंग’ आणि ‘रॅपिंग इट अप’ ही त्यांची सर्वोत्तम संयोजने मानली जातात. त्याच वर्षी हॉकिन्स युरोपला गेले. त्यांच्या जागी आलेल्या लेस्टर यंग यांचा हलका, मवाळ स्वर इतर वादकांना पसंत पडला नाही. लिओरा हेंडरसन त्यांना हॉकिन्स यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकवत आणि तसे वाजवण्याचा आग्रह धरत. यंग लवकरच निघून गेले. १९३४ च्या अखेरीस डेट्रॉइट येथे पगार थकल्यामुळे वादकांनी सामूहिक राजीनामे दिले आणि वाद्यवृंद संपुष्टात आला.

संयोजनशैली

रेडमन यांची संयोजने हुशार आणि काहीशी गुंतागुंतीची असत. त्यांत अचानक वळणे आणि चमत्कृती भरपूर. हेंडरसन यांनी ती गर्दी कमी केली. सॅक्सोफोन विभाग मूळ चालीचा विस्तार असा मांडतो, की जणू एकच वादक उत्स्फूर्तपणे वाजवत आहे. वस्तुतः चार वादक चार वेगवेगळे स्वर एकाच लयीने वाजवत असतात. त्यावर पितळी वाद्ये लहान, तुटक स्वरसमूहांनी हुंकार भरतात. पुढील आवर्तनात भूमिका उलटतात. शेवटाकडे सवाल व जवाब आखूड होत जातात, दोन्ही विभाग एकमेकांच्या अंगावर येतात आणि नाचणाऱ्याचा पाय आपोआप उचलला जातो. मूळ गाण्याची चाल हेंडरसन बदलत ती मुख्यतः लयीच्या अंगाने. सरळ मात्रेवरचे स्वर ते आधी किंवा नंतर ढकलत. आर्मस्ट्राँग यांनी एका ट्रम्पेटवर जे केले, ते त्यांनी संपूर्ण विभागाला लिहून दिले, असे म्हणता येईल. फुंकवाद्यांना अवघड अशा पट्ट्यांत लिहिण्याची त्यांना आवड होती आणि वादक त्याबद्दल कुरकुर करत.

‘किंग पोर्टर स्टॉम्प’ या रचनेचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. मूळ रचना जेली रोल मॉर्टन यांची, पियानोसाठी. हेंडरसन यांच्या वाद्यवृंदाने ती १९२८, १९३२ व १९३३ अशी तीनदा मुद्रित केली. प्रत्येक मुद्रणात प्रास्ताविक भाग आटत गेला आणि शेवटचा सवालजवाब वाढत गेला. यातील बराच भाग कोणी लिहिलेला नव्हता. रात्रीमागून रात्री वाजवताना वादकांनी तो तोंडी ठरवला होता आणि हेंडरसन यांनी तो पुढे कागदावर स्थिर केला. त्यामुळे ‘हेंडरसन यांचे संयोजन’ असे म्हणताना त्यात मॉर्टन यांची रचना, रेडमन यांची चौकट आणि कित्येक वादकांच्या सुचलेल्या जागा सामावलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

बेनी गुडमन आणि स्विंग युग

१ डिसेंबर १९३४ पासून एनबीसी रेडिओवर ‘लेट्स डान्स’ हा शनिवार रात्रीचा नृत्यसंगीताचा कार्यक्रम सुरू झाला. बिस्किटे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने तो प्रायोजित केला होता. त्यातील तीन वाद्यवृंदांपैकी एक बेनी गुडमन यांचा होता. कार्यक्रमाच्या खर्चात दर आठवड्याला नव्या संयोजनांसाठी रक्कम राखून ठेवलेली होती. संगीतनिर्माते जॉन हॅमंड यांच्या सूचनेवरून गुडमन हेंडरसन यांच्याकडे वळले. प्रत्येक संयोजनामागे ३७.५० डॉलर मिळत, असे सांगितले जाते. हेंडरसन यांनी ‘किंग पोर्टर स्टॉम्प’सारखी आपल्या वाद्यवृंदाची जुनी संयोजने दिली आणि ‘ब्लू स्काइज’, ‘समटाइम्स आय ॲम हॅपी’ अशा प्रचलित गाण्यांची नवी संयोजनेही लिहिली.

मे १९३५ मध्ये कार्यक्रम बंद पडला. त्यानंतरचा गुडमन यांचा देशव्यापी दौरा निराशाजनक ठरत होता. डेन्व्हर येथे तर श्रोत्यांनी सरळ नापसंती दाखवली. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये वाद्यवृंदाने सुरुवातीला सावधपणे बाजारी, छापील संयोजने वाजवली. प्रतिसाद थंड होता. मग बुडायचेच तर आपले संगीत वाजवून बुडू, अशा निर्धाराने हेंडरसन यांची पाने काढली गेली आणि तरुण श्रोते मंचाभोवती गर्दी करून ओरडू लागले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. याचे एक साधे कारण घड्याळात होते. ‘लेट्स डान्स’मधील गुडमन यांचा भाग न्यू यॉर्कमध्ये अपरात्री ऐकू येई, पण पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा संध्याकाळच असे. तेथील तरुणांच्या कानांना हे संगीत आधीच सवयीचे झाले होते. पॅलोमारची ही रात्र स्विंग युगाचा आरंभ मानली जाते.

१६ जानेवारी १९३८ रोजी गुडमन यांनी कार्नेगी हॉलमध्ये केलेल्या गाजलेल्या मैफलीतही हेंडरसन यांची अनेक संयोजने होती. गुडमन यांनी हे ऋण लपवले नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल. १९३९ मधील आपल्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या यशातील हेंडरसन यांचा वाटा स्पष्ट शब्दांत सांगितला. तालमींतही ते अत्यंत काटेकोर होते. जी संयोजने हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात मोकळेपणाने, कधी ढिलेपणाने वाजत, ती गुडमन यांच्याकडे घोटीव व तंतोतंत झाली. दोहोंतील श्रेष्ठ कोणते, याविषयी जॅझ अभ्यासकांत मतभेद आहेत. हेंडरसन यांचे १९३३ चे आणि गुडमन यांचे १ जुलै १९३५ चे ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ शेजारी ठेवून ऐकणे, हा निवाडा करण्याचा सर्वांत चांगला मार्ग होय. मात्र गोऱ्यांच्या आलिशान हॉटेलांत दीर्घ मुदतीच्या नेमणुका आणि प्रायोजित रेडिओ कार्यक्रम ही दारे गुडमन यांना उघडी होती आणि त्याच संगीताच्या लेखकाला बहुतांशी बंद होती, याविषयी मतभेदाला जागा नाही.

उत्तरायुष्य

गुडमन यांच्या यशाने हेंडरसन यांनाही थोडी उभारी दिली. १९३६ मध्ये त्यांनी शिकागोच्या ग्रँड टेरेस येथे रॉय एल्ड्रिज व चू बेरी यांना घेऊन नवा वाद्यवृंद उभारला. ‘ख्रिस्तोफर कोलंबस’ हे त्याचे ध्वनिमुद्रण लोकप्रिय झाले. हे यश पुन्हा साधले नाही. १९३९ मध्ये वाद्यवृंद मोडून ते गुडमन यांच्याकडे संयोजक म्हणून नोकरीला लागले आणि काही महिने त्यांच्या वाद्यवृंदात पियानोवरही बसले. १९४० च्या दशकात त्यांनी अनेकदा नवे वाद्यवृंद जमवले. १९४६-४७ मध्ये शिकागोच्या क्लब डीलिसा येथे सनी ब्लाउंट नावाचा एक तरुण त्यांच्याकडे पियानोवादक होता. तोच पुढे सन रा या नावाने प्रयोगशील जॅझचा अध्वर्यू झाला. त्याच्या वाद्यवृंदाने कित्येक वर्षांनी हेंडरसन यांचे जुने तुकडे पुन्हा मंचावर आणले. १९४८-४९ मध्ये हेंडरसन पुन्हा एथेल वॉटर्स यांच्या साथीला दौऱ्यावर होते, म्हणजे जेथून निघाले तेथेच परतले होते.

डिसेंबर १९५० मध्ये, न्यू यॉर्कच्या कॅफे सोसायटीत सहा जणांच्या ताफ्यासह वाजवत असताना, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर ते पियानो वाजवू शकले नाहीत. १९५१ मध्ये त्यांच्या मदतनिधीसाठी गुडमन, टेडी विल्सन व जीन क्रुपा यांनी एकत्र येऊन रेडिओवर वादन केले व त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. २९ डिसेंबर १९५२ रोजी, पंचावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर अकरा दिवसांनी, त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन कथबर्ट येथे करण्यात आले. तेथील हेंडरसन कुटुंबाचे घर राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या सूचीत समाविष्ट आहे.

ध्वनिमुद्रणे व अभ्यास

१९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने हेंडरसन यांची निवडक ध्वनिमुद्रणे चार ध्वनिमुद्रिकांच्या संचात प्रसिद्ध केली. संचाचे नाव होते ‘अ स्टडी इन फ्रस्ट्रेशन’, म्हणजे ‘वैफल्याचा एक अभ्यास’. संचाच्या निर्मितीत सहभागी असलेले जॉन हॅमंड हे हेंडरसन यांचे चाहते होते आणि नावामागे कळवळा होता, तरी त्या नावाने त्यांची प्रतिमा अपयशी माणूस अशी पक्की झाली. वॉल्टर सी. ॲलन यांचा ‘हेंडरसोनिया’ (१९७३) हा ग्रंथ त्यांच्या कार्यक्रमांची, वादकांची व मुद्रणांची तपशीलवार नोंद देतो. जेफ्री मॅगी यांच्या २००५ मधील चरित्रात्मक ग्रंथाने वैफल्याची ती चौकट बाजूला सारून संयोजनांचाच बारकाईने विचार केला. गुडमन यांनी आपला संग्रह येल विद्यापीठाकडे सोपवला असून हेंडरसन यांनी त्यांच्यासाठी लिहिलेली संयोजने तेथे अभ्यासकांना पाहता येतात.